अर्धा दिवस सावडीत धरत नाहीत

भिमाजी ओव्हाळाच्या खालच्या खाचरात यंदा भात लागला नाही. तिथं आता मुरूम पडलाय, चुन्याच्या रेघा मारल्यात आणि शनिवार-रविवार अकरा गाड्या उभ्या राहतात. नीट लावल्या तर बारा. पण हे काही झालंच नाही असं आपण धरून चालू. खाचर अजून खाचरच आहे, रोप वीतभर झालंय, आणि भिमाजीचा मुलगा धम्मदीप नुकताच मळवलीला उतरून चाकाची बॅग चिखलातून ओढत वस्तीकडे निघालाय.

चाकाची बॅग चिखलातून ओढत नाहीत, डोक्यावर घेतात. अकरा महिने गुळगुळीत देशात राहिल्यावर माणूस एवढं विसरतो. वस्ती येईपर्यंत चाकं दिसेनाशी झाली होती.

धम्मदीप डेन्मार्कला गेला होता. लोणावळ्यातल्या एका संस्थेनं पाठवला. तिकडं गावाबाहेर एक मोठं शेत होतं, त्यावर स्वतःचं स्वतः करता येत नाही अशी चौदा माणसं राहायची. त्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं आणि मधल्या वेळात गोठा झाडायचा. राहणं-खाणं त्यांचं, पगार नाही. याला स्वयंसेवा म्हणतात हे वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं, कारण त्याच्या आईनं, अनितानं, सगळ्यांना "पोरगं डेन्मार्कला लागलंय" एवढंच सांगितलं होतं. कामाला लागलं होतं, त्यामुळं हे खोटंही नव्हतं.

"आता ही चाकं धुवायची का खरवडायची?" अनितानं दारातच विचारलं.

तिचा उजवा हात मनगटात वाकडा बसला होता. गेल्या पावसाळ्यात, धम्मदीप विमानात बसल्यावर चौथ्या दिवशी, ती बांधावरून घसरली होती. त्याला सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर ती मोबाइल कायम डाव्या हातानं धरायची आणि धम्मदीपला वाटायचं, फोन सेल्फीवर असला की हात उलटे दिसतात.

संध्याकाळी रतनआजी आली. ती शेजारच्या घरची, वय ऐंशीच्या अलीकडं-पलीकडं, वस्तीत तिच्या शब्दाबाहेर कुत्रंही भुंकत नसे. बरोबर तिचा नातू संदेश. तो धम्मदीपच्याच वयाचा, तळेगावच्या कारखान्यात कंत्राटावर, घोरावाडी स्टेशनावर रोज उतरणारा. धम्मदीपनं त्यांना प्रमाणपत्र दाखवलं. जाड कागद, वर सोनेरी गाय.

"हे पगाराचं हाय का?" रतनआजीनं विचारलं.

"पगार नव्हता आजी. सेवा होती."

आजीनं कागद उलटा करून पाहिला. मागं काही नव्हतं.

"अकरा म्हैने?"

"हो."

"आन तिकीट त्येंनी काडलं."

"जायचं-यायचं दोन्ही."

"म्हंजे गाडीभाडं दिऊन फुकटात राबवाया न्हेलं," आजी म्हणाली. "आमच्या टायमाला पायीच बोलवायचे."

अनितानं चहा पुढं केला. विषय तिथं संपला असता, पण रतनआजी चहा प्यायला आलीच नव्हती. ती सावडीचं बोलायला आली होती.

वस्तीतली तीन घरं मिळून आवणी, म्हणजे भाताची लावणी, करायची. आज सगळे तुझ्या खाचरात वाकायचे, उद्या माझ्या; हीच सावड. मजुराचा प्रश्न नव्हता, कारण मजूरच नव्हते. त्या दिवसांत मावळातला मोकळा हात भुशी धरणाच्या रस्त्यावर कणसं भाजत असतो. सावडीचं कुठं लिहिलेलं नसे. ते रतनआजीच्या डोक्यात असे आणि तिथून कधी हललेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिसरं घर गेणूभाऊचं. त्याच्याकडं पॉवर टिलर होता. तो सावडीबरोबर फिरायचा आणि ज्याची पाळी त्याची चिखलणी करून द्यायचा.

गेल्या वर्षी भिमाजीची पाळी पहिली आली. दोन्ही घरांनी येऊन तिन्ही खाचरं लावून दिली. मग धम्मदीप उडाला, अनिता पडली, आणि भिमाजी मळवलीच्या बंगल्यावर राखणीला होता, पावसाळ्यात बंगले ओसंडून वाहतात, त्याला सुटी मिळाली नाही. ओव्हाळांच्या घरातून कुणाच्याही खाचरात कुणीही गेलं नाही.

"बारा दिस ऱ्हायलेत तुमचे," रतनआजी म्हणाली. "आदी ते फेडा. मंग तुमची पाळी."

"बारा दिवसांनी आमचं रोप जून होऊन कांड्यावर जाईल की मावशे," भिमाजी म्हणाला.

"तेराव्या दिशी लावू. शनवार पडतोय. संदेशची रजा तवर हाय, गेणूचा टिलर हाय. एक दिस हिकडं का तिकडं न्हाई व्हनार."

एक दिवस इकडंतिकडं चालणार नव्हता याचं कारण बंगल्याचे शेट. भिमाजीचं खालचं खाचर बंगल्याच्या फाटकासमोर, रस्त्याला लागून. शेटनी मे महिन्यात विचारलं होतं, "भिमाजी, हे पडीक राहिलं तर आमच्या पाहुण्यांच्या गाड्यांना द्या." भिमाजी म्हणाला होता, "पडीक ऱ्हायलं तर घ्या की." पोरगा जूनअखेर परत येणार होता. पडीक कशाला राहील? खाचरं हाडोळ्यातली, म्हणजे गावकीच्या कामापोटी मिळालेल्या जमिनीतली होती. छप्पन साली वस्तीनं गावाचं काम सोडलं तेव्हा गावानं पुष्कळ काही काढून घेतलं. एवढं राहिलं, कारण तेव्हा तिथं नुसते दगड होते. भिमाजीच्या बापानं ते वेचून बांध घातले. मालकाला शब्द देताना भिमाजीला वाटलं होतं, आपण काहीच देत नाही आहोत.

"मी फेडतो बारा दिवस," धम्मदीप म्हणाला.

"तू?" संदेश म्हणाला. "तुला गमबूट लागतील. आपल्याकडं नऊ नंबर न्हाई."

सोमवारी सकाळी सातला तो रतनआजीच्या खाचरात उतरला. पाऊस बारीक, कंटाळवाणा, न थांबणारा. अंगावर खताच्या पोत्याची खोळ, पायात पिंडरीपर्यंत थंड चिखल. डाव्या हातात रोपाची मूठ, उजव्या हातानं तीन-तीन काड्या तोडून अंगठ्यानं चिखलात दाबायच्या आणि एक पाऊल मागं. माणूस आवणीत दिवसभर मागंच जातो. दहा वाजता धम्मदीपच्या कमरेत कुणीतरी खिळा ठोकला. तो सरळ झाला, घड्याळ पाहिलं आणि सवयीनं म्हणाला, "ब्रेक घेऊया का?"

सगळ्यांनी वाकल्या वाकल्या त्याच्याकडं पाहिलं. रतनआजी त्याच्या तीन ओळी पुढं होती. पुढं म्हणजे मागं.

"तिकडं असतो का बिरेक?" गेणूभाऊनं विचारलं.

"दहाला कॉफी. आणि सोमवारी सगळे गोल बसतात. ज्याला जसं वाटतंय ते त्यानं सांगायचं."

"म्हंजे तक्रारी?"

"तक्रारी नाही. भावना."

यानंतर तासभर खाचरात जे चाललं त्याला शिवार पहिल्यांदाच साक्षी असेल. संदेशनं सुरुवात केली. "माझी भावना अशी हाय की ह्या मुठीत निम्मं गवत हाय, आन उपटनाराचं नाव आपुन घेनार न्हाई." गेणूभाऊ म्हणाला, त्याची भावना टिलरच्या डिझेलात अडकलीय. अनिता एका हातानं मुठी पोचवत होती. ती म्हणाली, तिला काही भावना नाही, तिला घरी जाऊन भाकरी थापायच्यात.  ओळ संपवून रतनआजी बांधाशी आली आणि कोपरानं कपाळ पुसलं.

"माजी आयका. माझा सासरा गावाची मेलेली ढोरं वढायचा. सांगावे पोचवायचा, चावडी झाडायचा. फुकाट. छप्पन साली त्येनं काठी ठिवली आन म्हनला, आता कुनाचं फुकट करायचं न्हाई, उपाशी मरू. दोन साल घर खरंच मेल्यावानी ऱ्हायलं." तिनं धम्मदीपकडं पाहिलं. रागानं नाही. भात किती फुटलाय ते बघावं तसं. "आन तू इमानात बसून दुसऱ्याचा गोठा झाडाया गेला."

 धम्मदीपच्या पायाला खेकडा लागला होता, तो त्यानं पाय झाडून काढला.

"तिथं सगळेच फुकट करतात आजी. मालक कुणी नाही. संस्था आहे."

"शेत कुनाच्या नावावर हाय?"

"संस्थेच्या."

"मंग हाय की," आजी म्हणाली आणि वाकली.

धम्मदीपला पुष्कळ बोलायचं होतं. तिथं त्याला कुणी आडनाव विचारलं नव्हतं. सकाळी दार उघडलं की चौदा माणसांना आपण आल्याचा आनंद व्हायचा, असं इथं त्याच्या आयुष्यात एकदाही झालं नव्हतं. आणि तिथं येन्स होता. येन्स एकसष्ट वर्षांचा, बुद्धीनं पाच. त्याला धम्मदीप रोज अंघोळ घालायचा, नखं काढायचा, पोरिज भरवायचा. येन्स त्याला मार्को म्हणायचा. मार्को म्हणजे आधीच्या वर्षीचा इटालियन स्वयंसेवक. अकरा महिने धम्मदीप मार्को म्हणून ओ देत राहिला. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी गाणं म्हटलं, लोकरीची टोपी दिली. त्याला वाटत होतं कुणीतरी बाजूला घेऊन 'राहतोस का, नोकरी देतो' म्हणेल, टोपीच दिली. मग तो येन्सला भेटायला गेला, तर येन्स पेरूहून नव्यानं आलेल्या मुलीचा हात धरून बसला होता आणि तिला 'दीप, दीप' म्हणत होता. येन्स कायम एका माणसानं मागं असे.

हे सगळं खाचरात सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं मूठ सोडली.

पाच दिवसांत त्याच्या बोटांच्या पेरांना चिखल्या झाल्या. आठव्या दिवशी तो रतनआजीच्या दोनच ओळी मागं होता. नवव्या दिवशी संदेश त्याला 'डेन्मार्क' म्हणायचा थांबला. भिमाजी रोज संध्याकाळी बंगल्यावरून येताना आपल्या रोपवाटिकेशी थांबायचा, एक काडी उपटून बुडाशी चिमटीत धरायचा आणि घरी यायचा. दहाव्या दिवशी म्हणाला, "अजून मऊ हाय."

अकराव्या दिवशी, गेणूभाऊच्या खाचरात, दुपारी पावणेदोनला धम्मदीपच्या खिशातला प्लास्टिकच्या पिशवीतला फोन थरथरला. तिकडच्या प्रमुख बिर्गिटबाईंचा मेसेज. येन्सनं चार दिवस अन्न घेतलेलं नाही. नवी मुलगी रडते आहे. पाच मिनिटं व्हिडिओवर येशील का? फक्त पाच मिनिटं.

खाचरात रेंज येत-जात होती. बंगल्याच्या व्हरांड्यात वाय-फाय होतं.

"पाच मिनिटांत आलो," तो म्हणाला.

"पात सोडून?" गेणूभाऊ म्हणाला.

"पाच मिनिटं फक्त."

त्यानं मूठ बांधावर ठेवली. पात, म्हणजे त्याच्या वाट्याची ओळ, अर्धी होती, त्याच्या जागी नुसतं पाणी दिसत होतं.

व्हरांड्यात चिखलाचे पाय घेऊन चढायला भिमाजीला मनाई होती, धम्मदीपला तर होतीच. तो पायरीवर बसला. पडद्यावर येन्स आला. गालफडं बसली होती.

"मार्को," येन्स म्हणाला.

"हो," धम्मदीप म्हणाला. त्यांच्या भाषेतले त्याला शेसव्वाशे शब्द येत होते, त्यातले निम्मे खाण्याचे होते. त्यानं तोंड उघडून दाखवलं. येन्सनं तोंड उघडलं. मुलीनं चमचा घातला. धम्मदीपनं चावून दाखवलं. त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळं चावायला तोंडात काही नव्हतं, तरी त्यानं अख्खी वाटी चावली. वाटी संपली तेव्हा त्यानं हात हलवला, तर येन्स ओरडायला लागला. म्हणून थांबला. मग दुसरी वाटी. मग येन्सला झोप येईपर्यंत. झोपेतही फोन बाजूला केला की तो डोळे उघडायचा. बिर्गिटबाई मधे येऊन डोळे पुसत म्हणाल्या, तू किती मौल्यवान आहेस हे तुला कळत नाही.

तो परतला तेव्हा सव्वाचार झाले होते. खाचर लावून झालं होतं. त्याची अर्धी ओळ रतनआजीनं लावली होती.

"कुटं गेल्ता?" आजीनं विचारलं.

संदेश आजीच्या मागं उभा होता. त्यानं पोटावर हात फिरवला, तोंड वाकडं केलं. सांग की, पोट बिघडलं.

"एका म्हाताऱ्याला जेवू घालत होतो," धम्मदीप म्हणाला. "फोनवर."

संदेशनं आभाळाकडं पाहिलं.

"कोन लागतो तो तुजा?"

"कुणी नाही."

"जेवला का?"

"दोन वाट्या."

"बरं झालं," रतनआजी म्हणाली. खरंच तिला बरं वाटलेलं दिसत होतं. मग ती म्हणाली, "आजचा दिस धरता यायचा न्हाई. अर्धा दिस सावडीत धरत न्हाईत."

"आजी, मी रात्री भरून देतो. कंदील लावून."

"सावड मानसांबरं असती बाबा, चिखलाबरं न्हाई. तुला सोडला तर उद्या गेणू दुपारचा जाईल, परवा संदेश. मंग माझ्या खाचरात पुडल्या साली कोन येनार? ते बी फोनवरच येतील."

शुक्रवारचा धरून त्याचे अकरा झाले, शनिवार बारावा. पाळी रविवारवर गेली. रविवारी टिलर पवन मावळात कबूल होता आणि संदेशची रजा शनिवारपर्यंतच होती. गेणूभाऊ शनिवारी रात्री दारात येऊन उभा राहिला, पण आत आला नाही. "मंगळवारी बगू," म्हणाला. मंगळवारी भिमाजीनं रोपाची काडी चिमटीत धरली आणि ती कडक लागली.

वरची दोन खाचरं वाफ्याएवढी होती. ती तिघांनी फावड्यानं चिखलून कशीबशी लावली, जाड रोप, पाच-पाच काड्या. अनितानं डाव्या हातानं लावलं. खालच्या खाचरात पाणी तुंबून राहिलं, त्यावर बंगल्याचे दिवे दिसायचे. शेट शनिवारी आले. भिमाजीनं फाटक उघडलं. "काय म्हणतंय खाचर?" शेटनी काचेतून विचारलं. भिमाजीनं उत्तर द्यायच्या आधी शेटनी पाहून घेतलं होतं. सोमवारी मुरमाचे डंपर आले. पहिला रुतला. त्याला बाहेर काढायला वस्तीतली सगळी माणसं गेली, भिमाजीसुद्धा. कललेल्या डंपरला मागून रेटा देताना तो धम्मदीपला म्हणाला, "पाय रोवून जोर लाव."

बोलला तेवढंच. नंतर सहा दिवस तो मुलाशी बोलला नाही. जेवताना मीठ लागलं तर अनिताला मागायचा, आणि मीठ धम्मदीपजवळ असायचं.

सातव्या दिवशी बिर्गिटबाईंनी ठरल्याप्रमाणं शेवटची मुलाखत घेतली. सेवा संपली की घेतात; त्याशिवाय फाइल बंद होत नाही. धम्मदीप घराच्या पत्र्याखाली बसला. बाईंनी येन्स बरा असल्याचं सांगितलं. आता तो मुलीच्या हातून जेवतो, तिला दीप म्हणतो. मग त्या म्हणाल्या, सेवेच्या शेवटी भावना संमिश्र असतात, ते अगदी स्वाभाविक आहे, तुझ्या कशा आहेत?

"संमिश्र आहेत," धम्मदीप म्हणाला.

"काय म्हनती बाई?" मागून भिमाजीनं विचारलं. सहा दिवसांनी पहिला शब्द.

"कसं वाटतंय विचारते."

भिमाजी उठून पडद्यासमोर आला. बाईंनी हात जोडले. त्यानंही जोडले.

"तिला इचार, त्येंचं मानूस कवा येनार."

"कुठलं माणूस?"

"तू अकरा म्हैने त्येंच्यात गेल्ता. कमरेत वाकून काम केलं. फुकाट केलं न्हाई आपुन, आपल्यात फुकाट बंद हाय. म्हंजे सावडच झाली. मंग त्येंची मानसं आपल्यात याया नको का? रतनमावशीला इचार, बरोबर हाय का न्हाई."

धम्मदीपनं बापाच्या तोंडाकडं पाहिलं. थट्टेचा मागमूस नव्हता.

"बाबा म्हणतात, तुम्ही सगळे एकदा आमच्याकडं या," तो इंग्रजीत म्हणाला.

बाईंचा चेहरा उजळला. किती छान. नक्की. हिवाळ्यात यायला आवडेल, तिकडं तेव्हा हवा चांगली असते ना?

"काय म्हनली?"

"येणार म्हणते. हिवाळ्यात."

"हिवाळ्यात काय आवनी असती व्हय?" भिमाजी म्हणाला. "तू नीट सांगितलं न्हाईस."

फोन बंद झाल्यावर फॉर्म आला. एकवीस प्रश्न. शेवटच्या चौकोनात लिहिलं होतं: संस्थेकडे आपली काही मागणी किंवा विनंती असल्यास आपल्या भाषेत कळवावी, आम्ही भाषांतर करून घेऊ.

"बाबा," धम्मदीप म्हणाला, "तुम्ही सांगा. मी लिहितो. शब्द बदलणार नाही."

भिमाजीनं पाण्याचा घोट घेतला, खाकरला आणि सोसायटीच्या सचिवाला सांगतो तशा आवाजात सांगायला लागला. रस्त्यावर रविवारच्या गाड्या यायला सुरुवात झाली होती, आवाज मधूनमधून हॉर्नमध्ये जायचा. तेवढं तो थांबायचा. धम्मदीपनं लिहिलं:

मा. प्रमुख साहेब, डेन्मार्क यांसी,

अर्जदार भिमाजी गंगाराम ओव्हाळ, धंदा शेती व राखण, मळवली, तालुका मावळ, यांजकडून.

विषय: सावडीची माणसे पाठविणेबाबत.

महोदय, अर्ज करण्यास कारण की, माझा मुलगा चि. धम्मदीप हा आपले शेतावर तीनशे पस्तीस दिवस कामास येऊन गेला. त्याबाबत सोनेरी गाईचा दाखला सोबत जोडला आहे. आमचेकडील रिवाजाप्रमाणे आपली तितक्याच दिवसांची माणसे आमचे शेतावर येणे आहे. एवढी आम्हास लागत नाहीत. तरी पुढील साली आषाढ महिन्यात, रोप कोवळे असता, चार माणसे तीन दिवसांकरिता पाठवावीत. बाकीचे दिवस आम्ही सोडून देत आहोत. माणसे वाकता येणारी असावीत. खालच्या खाचरातील मुरूम त्याआधी काढून देण्याची तजवीज आपणाकडून व्हावी. जेवण व चहा आमचेकडे राहील. दुपारी पात सोडून जाणारे माणूस कृपया पाठवू नये, ही नम्र विनंती.